स्वल्पविरामाचा परवाना

३० सप्टेंबर २००३ या तारखेचे एक सरकारी पत्र साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा तरी विचारात घ्यावे असे आहे. ते अमेरिकेच्या अर्थखात्यातील 'ऑफिस ऑफ फॉरिन ॲसेट्स कंट्रोल' या कार्यालयाने विद्युत अभियंत्यांच्या 'आय-ट्रिपल-ई' या संस्थेला पाठवले होते. इराणमधील संशोधकांचे निबंध छापण्यापूर्वी त्यांच्यावर नेहमीचे संपादकीय संस्कार केले तर चालेल का, असे संस्थेने विचारले होते. उत्तराचा आशय असा: परिच्छेदांचा अथवा वाक्यांचा क्रम बदलणे, वाक्यरचना व व्याकरण सुधारणे, अयोग्य शब्दाच्या जागी योग्य शब्द घालणे, यांमुळे मूळ लेखनाच्या आशयात बदल होतो किंवा त्याची प्रत उंचावते. असे करणे म्हणजे इराणमधील व्यक्तीला 'सेवा' पुरवणे होय, आणि अशा सेवेवर बंदी आहे. ती पुरवायची असेल, तर आधी परवाना काढावा लागेल.

परक्या देशातील लेखकाचे वाक्य दुरुस्त करण्यासाठी संपादकाला अर्थखात्याचा परवाना लागावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते. त्या काळी अमेरिकन वर्तमानपत्रांतून तिची पुरेशी थट्टाही झाली. पण थट्टेने प्रश्न मिटला नाही. एक नोबेल पारितोषिक विजेती लेखिका आणि प्रकाशकांच्या संघटना यांना त्यासाठी न्यायालयात जावे लागले. या प्रकरणाचा इतिहास पाहिला, की व्यापारी निर्बंध प्रत्यक्षात कसे अंमलात येतात हे तर कळतेच, पण संपादन म्हणजे काय, या आपल्या घरच्या प्रश्नावरही अनपेक्षित दिशेने उजेड पडतो.

प्रथम या कार्यालयाविषयी. त्याची आद्याक्षरे जुळवून त्याला सर्वत्र 'ओफॅक' म्हणतात. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वे यांवर आक्रमण केले, तेव्हा त्या देशांच्या नागरिकांची अमेरिकेतील मालमत्ता नाझींच्या हाती पडू नये म्हणून अमेरिकन अर्थखात्याने ती गोठवली आणि तिच्या देखरेखीसाठी एक यंत्रणा उभी केली. युद्ध संपले, यंत्रणाही ओसरली. पुढे कोरियन युद्धात चीन उतरला, तेव्हा डिसेंबर १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आणीबाणी जाहीर करून चीन व उत्तर कोरिया यांची मालमत्ता गोठवली. त्या कामासाठी जो विभाग स्थापन झाला, तोच आजच्या ओफॅकचा मूळ पुरुष. त्याच्या हाती असलेले शस्त्र त्याहूनही जुने होते. शत्रूशी व्यापार करण्यास मनाई करणारा कायदा पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, झाला होता. १९७७ साली आणीबाणीतील आर्थिक अधिकारांचा दुसरा कायदा आला, आणि तेहरानमधील ओलीस प्रकरणानंतर, नोव्हेंबर १९७९ मध्ये, तो प्रथम इराणविरुद्ध वापरला गेला. क्युबाविषयीचे नियम १९६३ चे आहेत. इराणशी जवळजवळ सर्व व्यापार बंद करणारे आदेश १९९५ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढले.

या कार्यालयाचे काम चालते कसे? सामान्य समजूत अशी, की निर्बंध म्हणजे बंदरावर अडवलेले जहाज. तसे जहाज क्वचितच अडवले जाते. खरे काम कागदावर चालते. एक म्हणजे यादी. ज्या व्यक्तींशी आणि संस्थांशी व्यवहार करू नये, त्यांची नावे कार्यालय प्रसिद्ध करते. मग प्रत्येक बँक आपल्याकडून जाणारी रक्कम त्या यादीशी ताडून पाहते आणि नाव जुळले तर रक्कम थांबवते. भारतीय वाचकाला याद्यांचा हा प्रकार अगदीच अपरिचित नसावा. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची निर्यात-नियंत्रणासाठी एक वेगळी यादी आहे. तीत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव दीर्घकाळ होते, ते जानेवारी २०२५ मध्ये वगळण्यात आले. दुसरी गोष्ट म्हणजे मूळ ठिकाणाचा दाखला. चीनवरील बंदीच्या काळात हाँगकाँगहून येणारा अनेक प्रकारचा माल खरोखर हाँगकाँगचाच आहे, असे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय तो अमेरिकेत उतरत नसे. आणि तिसरी गोष्ट परवाना. परवाने दोन प्रकारचे. विशिष्ट परवाना एखाद्याच्या अर्जावर, एखाद्या व्यवहारापुरता मिळतो. सर्वसाधारण परवाना नियमावलीतच छापलेला असतो. त्याच्या अटींत बसणाऱ्या कोणालाही अर्ज न करता तो लागू होतो.

या तिन्हींच्या मागे शिक्षेचे भय उभे असते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी २००३ साली १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत होता. दिवाणी दंडासाठी तर हेतू सिद्ध करण्याचीही गरज नसते. चूक अजाणता झाली तरी दंड होऊ शकतो. साहजिकच कोणताही व्यापारी संशय आला, की कार्यालयालाच विचारतो. कार्यालय त्याला लेखी खुलासा पाठवते. हे सारे व्यापाऱ्यांना नियम पाळण्यास मदत म्हणून चाललेले असते, आणि ती मदत खरीही असते. पण तिला एक दुसरी बाजू आहे. जोवर कोणी विचारत नाही, तोवर नियमाची कड धूसर राहते आणि लोक आपापल्या समजुतीने कामे उरकतात. प्रश्न विचारला की उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर देणारा अधिकारी सहसा स्वतःवर जोखीम घेत नाही. आरंभी उल्लेखिलेले पत्र हे अशाच एका प्रश्नाचे उत्तर होते. कोणी अंमलदार छापखान्यात शिरला नव्हता. छापणाऱ्यांनीच जाऊन विचारले होते.

आता पुस्तकांकडे वळू. छापील शब्द आणि हे कार्यालय यांची गाठ २००३ साली प्रथम पडली असे नव्हे. साठच्या दशकात चीन व उत्तर व्हिएतनाम येथून टपालाने येणारी प्रकाशने अडवली जात आणि ती मागवणाऱ्यांना परवाना घ्यावा लागे. याविरुद्धचा दावा १९६८ साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने फेटाळला. सरकारचा रोख विचारांवर नसून शत्रूकडे जाणाऱ्या पैशांवर आहे, विचारांना होणारा अडथळा आनुषंगिक आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. १९८१ साली क्युबाच्या नियतकालिकांचे गठ्ठे बॉस्टन येथे अडवण्यात आले. अशा घटनांची परिणती म्हणून १९८८ साली कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी हॉवर्ड बर्मन यांनी कायद्यात एक दुरुस्ती घडवून आणली. प्रकाशने, चित्रपट, भित्तिपत्रके, ध्वनिमुद्रिका, छायाचित्रे अशा माहितीच्या साधनांची आयात-निर्यात प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष रीतीने रोखण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, असे ती दुरुस्ती सांगते.

इतक्या स्पष्ट वाक्यानंतर वाद उरू नये. पण कायद्याचे वाक्य आणि त्याचा अंमल यांच्यामध्ये नियमावली नावाचा एक प्रांत असतो, आणि तेथे व्याख्यांचे राज्य असते. ही सूट व्यवहाराच्या दिवशी पूर्णपणे तयार होऊन अस्तित्वात असलेल्या कृतींनाच लागू आहे, असा अर्थ कार्यालयाने लावला. छापून तयार असलेले पुस्तक आणता येईल; जे अजून लिहून व्हायचे आहे, त्याच्यासाठी आगाऊ मानधन देता येणार नाही. १९९१ च्या पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धा हवानाहून प्रक्षेपित करण्यासाठी 'एबीसी' या दूरचित्रवाणी कंपनीने परवाना मागितला, तेव्हाही नकार मिळाला आणि न्यायालयाने तो नकार उचलून धरला. १९९४ साली काँग्रेसने सवलतीची व्याप्ती पुन्हा वाढवली आणि माध्यम वा स्वरूप कोणतेही असो, असे शब्द घातले. तरीही 'पूर्णपणे तयार' ही अट नियमावलीत टिकून राहिली.

या पार्श्वभूमीवर २००३ चे पत्र वाचावे लागते. तर्काच्या दृष्टीने ते मुळीच वेडगळ नव्हते. सूट फक्त पूर्ण झालेल्या कृतीला आहे, हे एकदा मान्य केले की हस्तलिखित ही अपूर्ण कृती ठरते, तिला पूर्णत्व देणारा संपादक हा सेवा पुरवणारा ठरतो, आणि त्याची सेवा तेलविहिरीवर जाणाऱ्या अभियंत्याच्या सेवेच्या रांगेत जाऊन बसते. 'आय-ट्रिपल-ई'ने जानेवारी २००२ पासूनच इराणमधील आपल्या सभासदांच्या बहुतेक सोयी बंद केल्या होत्या. तेथील निबंध संस्था स्वीकारीत होती, पण हात न लावता छापण्याजोगे असतील तरच. ज्याची मातृभाषा फारसी आहे त्या संशोधकाने निर्दोष इंग्रजी लिहावे, नाहीतर छापून येण्याची आशा सोडावी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता.

येथे थोडे थांबावेसे वाटते. आपण साहित्याचे शिक्षक वर्गात कृती शिकवतो, ती जणू लेखकाच्या मस्तकातून सालंकृत अवतरली आहे अशा थाटात. श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांचे नाव आपण आदराने घेतो, पण 'सत्यकथा'च्या टेबलावर एखाद्या कथेचे काय झाले, कोणता परिच्छेद वर गेला, कोणता शेवट गळाला, हे वाङ्मयेतिहासाचे अंग म्हणून क्वचितच शिकवतो. संपादकाचे श्रेष्ठत्व अदृश्य राहण्यात आहे, असे म्हणून आपण त्याला खरोखरच अदृश्य करून टाकले आहे. वॉशिंग्टनमधील त्या अधिकाऱ्याने मात्र ही सवलत दिली नाही. वाक्याचा क्रम बदलला की वाक्य बदलते, शब्द बदलला की मूल्य बदलते, हे त्याने कागदावर नोंदवले आणि त्या बदलाला किंमत आहे म्हणून त्यावर बंदी घातली. संपादनाच्या सामर्थ्याची ही एका अर्थी फार मोठी कबुली होती.

त्यामुळे प्रकाशकांची अडचण वाटते त्याहून नाजूक होती. संपादन म्हणजे किरकोळ साफसफाई, त्याने काही बिघडत नाही, असा बचाव करणे सोपे होते. कार्यालयानेही पुढे ती वाट मोकळी केली. २ एप्रिल २००४ रोजी 'आय-ट्रिपल-ई'ला दुसरे पत्र आले. तज्ज्ञांकडून परीक्षण आणि शैली व भाषा यांची नेहमीची दुरुस्ती यांना हरकत नाही, असे त्यात म्हटले होते. अभियंत्यांचा प्रश्न सुटला. पण साहित्याचा सुटला नाही. कादंबरीचा संपादक लेखकाशी महिनोन्महिने बोलतो, नवे प्रकरण लिहवून घेतो. अनुवादक तर प्रत्येक शब्द बदलतो. प्रस्तावना, टिपा, सूची, चित्रे ही सगळी भरच असते. आत्मचरित्र तर अनेकदा करार झाल्यावर लिहायला घेतले जाते. किरकोळ दुरुस्ती चालेल पण सहनिर्मिती चालणार नाही, अशी रेघ ओढली, तर साहित्यव्यवहाराचा गाभाच रेघेपलीकडे राहतो.

म्हणून सप्टेंबर २००४ मध्ये विद्यापीठीय मुद्रणालयांची संघटना, प्रकाशक संघटनेचा विद्वत्प्रकाशन विभाग, 'पेन' ही लेखकसंघटना आणि 'आर्केड' ही प्रकाशनसंस्था यांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. आर्केडपुढे त्या वेळी समकालीन इराणी साहित्याचा एक मोठा अनुवादित संग्रह होता. पुढच्याच महिन्यात इराणी विधिज्ञ शिरीन एबादी यांनी स्वतंत्र दावा लावला. एबादी क्रांतीपूर्वी तेहरानमध्ये न्यायाधीश होत्या. क्रांतीनंतर स्त्री म्हणून त्यांना न्यायासनावरून उतरवून कारकुनी कामाला लावण्यात आले. पुढे त्या मानवी हक्कांच्या वकील झाल्या, २००० साली तुरुंगात गेल्या, आणि २००३ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना आपल्या आठवणी अमेरिकन वाचकांसाठी लिहायच्या होत्या. इराणमध्ये त्या मोकळेपणाने छापल्या जाणे शक्य नव्हते. अमेरिकेत त्या छापायच्या तर अमेरिकन साहित्य-मध्यस्थ व संपादक यांची मदत लागणार होती, आणि ती मदत हाच गुन्हा होता.

नियमाची विसंगती येथे उघडी पडते. तेहरानच्या सरकारने स्वतःच्या छापखान्यात छापलेले प्रचाराचे पुस्तक ही पूर्ण झालेली कृती होती. ते आणायला आणि विकायला काहीच आडकाठी नव्हती. ज्या लेखिकेला तेच सरकार बोलू देत नव्हते, तिचे पुस्तक मात्र अजून लिहून व्हायचे होते. ज्या राजवटीला जेरीस आणण्यासाठी निर्बंध घातले, तिचा छापील शब्द मुक्त आणि तिच्या टीकाकाराचा न लिहिलेला शब्द बद्ध, अशी स्थिती झाली. हा कोणाचा कावा नव्हता. 'पूर्णपणे तयार' या दोन शब्दांचा तो परिणाम होता. सेन्सॉर ज्या समाजात आहे तेथे पूर्ण पुस्तक बहुधा सेन्सॉरने संमत केलेलेच असते, हे नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

खटला निकालापर्यंत पोचला नाही. डिसेंबर २००४ च्या मध्यास ओफॅकने इराण, क्युबा व सुदान यांच्यासाठी एक सर्वसाधारण परवाना जाहीर केला. तो अवश्य पाहण्यासारखा आहे, कारण प्रकाशनव्यवसायाचे इतके बारकाईने केलेले वर्णन सरकारी भाषेत विरळा. अजून न लिहिलेल्या कृतीसाठी आगाऊ मानधन देणे, लेखकासह काम करून कृती घडवणे व सुधारणे, भाषेचे आणि आशयाचे संपादन, छायाचित्रे, सूची आदींची जोड देणे, मानधनाचा हिस्सा पोचवणे, जाहिरात व विक्री या सगळ्याला त्यात अनुमती आहे. अट एवढीच, की समोरचा पक्ष त्या देशांचे सरकार नसावा. तेथील विद्यापीठे व संशोधनसंस्था मात्र या अपवादातून वगळल्या होत्या. २००५ साली आर्केडचा संग्रह 'स्ट्रेंज टाइम्स, माय डियर' या नावाने निघाला. २००६ साली एबादी यांचे 'इराण अवेकनिंग' हे पुस्तक आझादेह मोआवेनी यांच्या सहलेखनाने प्रसिद्ध झाले. सहलेखन या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. नेमकी तीच गोष्ट आधी निषिद्ध होती.

तेव्हा शेवट गोड झाला, असे म्हणून उठायला हरकत नव्हती. परंतु एक प्रश्न उरतो. दावा करणाऱ्यांचे म्हणणे असे होते, की १९८८ च्या कायद्याने आणि अमेरिकन राज्यघटनेने हा विषय सरकारच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. येथे परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही. सरकारने उत्तरादाखल परवानगी दिली, आणि ती उदारपणे दिली. पण परवानगी देणारा तीच परत घेऊ शकतो, हे तिच्या स्वरूपातच आहे. हक्क आणि परवाना यांचा रोजच्या कामात फरक जाणवत नाही. संपादक पेन्सिल उचलतो, वाक्य सुधारतो, पुस्तक निघते. फरक जाणवतो तो वारे फिरल्यावर.

ते पुढे फिरलेही. इराणवरील निर्बंध कडक होत गेल्यावर २०१३ साली 'एल्सेव्हिअर' या बड्या प्रकाशनसंस्थेने आपल्या अमेरिकन संपादकांना सूचना दिली, की इराण सरकारच्या सेवेतील लेखकांचे निबंध हाताळू नयेत. विद्यापीठातील लेखक त्यातून वगळले होते. पण एखादा लेखक सरकारी नोकर आहे की विद्यापीठीय, हे ठरवण्याचे काम आता संपादकाच्या टेबलावर आले. निबंध वाचण्याआधी लेखकाचा पत्ता वाचायचा! याच सुमारास बँकांना होणारे दंडही प्रचंड झाले. २०१४ साली 'बीएनपी पारिबा' या फ्रेंच बँकेने सुदान, इराण व क्युबा यांच्याशी केलेल्या व्यवहारांबद्दल गुन्हा कबूल केला आणि विविध यंत्रणांना मिळून सुमारे ८९० कोटी डॉलर भरले. अशा आकड्यांचा धाक दूरवर पोचतो. दुसरीकडे मार्गदर्शनही वाढले. २००९ च्या दंडविषयक तत्त्वांनुसार स्वतःहून चूक कळवणाऱ्याचा मूळ दंड निम्मा धरला जातो. मे २०१९ मध्ये ओफॅकने संस्थांसाठी अनुपालनाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. वरिष्ठांची बांधिलकी, जोखमीचे मोजमाप, अंतर्गत नियंत्रण, तपासणी आणि प्रशिक्षण अशी त्याची पाच अंगे आहेत. आराखडा समंजस आहे. त्याचा एकूण परिणाम मात्र असा होतो, की पहारेकऱ्याचे काम हळूहळू प्रत्येक संस्थेच्या आत जाऊन बसते. आतला पहारेकरी बाहेरच्यापेक्षा नेहमीच अधिक भित्रा असतो. नियम जेथे थांबतो त्याच्या दोन पावले अलीकडेच तो दार लावून घेतो. न छापल्याबद्दल त्याला कोणीच दंड करणार नसतो.

निर्बंध असूच नयेत, असे येथे सुचवायचे नाही. युद्धाऐवजी व्यापार तोडणे हा कित्येकदा कमी क्रूर मार्ग असतो, आणि तो तोडायचा तर कोणीतरी याद्या करणार, कोणीतरी दाखले तपासणार. त्या कार्यालयातील माणसांनी आपले काम प्रामाणिकपणे केले. प्रामाणिकपणे केले म्हणूनच ते स्वल्पविरामापर्यंत पोचले. प्रश्न एवढाच, की अशा प्रामाणिक कामासमोर साहित्याने आपली बाजू कोणत्या शब्दांत मांडावी. 'आम्ही फक्त व्याकरण तपासतो' हा बचाव २००४ च्या एप्रिलमध्ये उपलब्ध होता आणि त्याने अभियंते सुटले. लेखक व प्रकाशक यांनी तो घेतला नाही. आम्ही कृती बदलतो, घडवतो, कधी कधी तिला जन्म देतो, आणि तरीही तो आमचा हक्क आहे, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. संपादनाची एवढी स्वच्छ व्याख्या आपल्या पाठ्यपुस्तकांतही आढळत नाही.

सुदानवरील ते निर्बंध २०१७ साली उठले. इराण आणि क्युबा यांच्याविषयीचे नियम उभे आहेत, आणि त्यांत प्रकाशनाचा तो परवानाही आहे. एबादी २००९ पासून मायदेशाबाहेर राहतात. त्यांचे पुस्तक ग्रंथालयांतून मिळते. त्यातील कोणते वाक्य कोणी हलवले हे वाचकाला कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. ते हलवण्यासाठी एकदा परवाना लागत होता, एवढे मात्र पुस्तक हाती घेणाऱ्याला ठाऊक असावे.